मधे दोन परकी माणसं

बाळीवेस, सोलापूर
१२ फेब्रुवारी

अक्का, शरणु शरणार्थी.

तुझं पत्र मिळालं. शरणबसवानं फोटो काढून पाठवलेलं तुझं अक्षर मोठं करून वाचलं. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तू नुसतं "हं, हं" करत राहतेस, त्यापेक्षा हे बरं. मी इथं टॅबवर लिहायचं, तुझ्या लेकानं तिकडे कॅनडात, कॅलगरीला, मोठ्या टायपात छापून तुझ्या हातात द्यायचं. गुणाचा पोरगा आहे.

डॉक्टरांनी तुझा लांबचा प्रवास बंद केला, तेव्हा आता आम्हीच तिकडे यायचं, हे मला कबूल आहे. व्हिसाही आलाय. पण "दोघं मिळून या, नाहीतर कुणीच येऊ नका" ही अट तू पंचाहत्तरीचं निमित्त करून घातलीस. पंचाहत्तरीच्या बाईला नाही कोण म्हणणार, हे तुला चांगलं ठाऊक आहे.

ईरप्पा माझ्या पाठचा भाऊ आहे, हे मी विसरलेली नाही. पण सहा वर्षं तो माझ्याशी बोलत नाही आणि मी त्याच्याशी. का ते पुन्हा एकदा लिहिते, म्हणजे तू "झालं गेलं सोडा" असं लिहिणार नाहीस. आमचे हे गेल्यावर घरातलं पहिलं कार्य म्हणजे अक्षताचं लग्न. मामानं हात धरून मुलीला मांडवात आणायचं असतं. जावई तेलुगू, पद्मशाली, अशोक चौकातल्या विणकराच्या घरचा, म्हणून मामा आलाच नाही. पंप आणि पाइपांचं दुकान उघडून बसला. शेजारच्या वीरभद्रप्पांनी पोरीला मांडवात आणलं. येताना ती सारखी दाराकडे बघत होती. बाकी सगळं मी विसरेन, तिचं ते बघणं विसरणार नाही.

तेव्हा येते, पण माझ्या अटीवर. आमचा जावई मल्लेश गारमेंटच्या कंपनीत आहे, शाळेच्या गणवेशांचे नमुने घेऊन दोनचार वेळा परदेशी जाऊन आलाय. त्यानं मला विमानातल्या सीटांचा नकाशा दाखवला. या विमानात खिडकीपाशी दोन सीटा, मग वाट, मधे चार, मग वाट, पलीकडे परत दोन. मल्लेश म्हणाला, "अत्तय्या, दोघंजण असलात तर या खिडकीच्या दोन सीटा सगळ्यात चांगल्या. मधे तिसरा माणूस नाही." अत्तय्या म्हणजे त्यांच्या तेलुगूत सासू. मी म्हटलं, "मला तिसरा माणूस पाहिजे. चौथाही पाहिजे."

तर असं कर. मधल्या चारांची दोन टोकं आम्हाला. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, मधे दोन परकी माणसं. दोघांनाही वाटेकडची जागा मिळते, उठाबसायला कुणाची परवानगी नको, आणि तोंडंही बघायला नको. हे त्याला कळव. मल्लेशनं सुचवलंय असं सांगू नकोस, नाहीतर तो मुद्दाम नाही म्हणेल.

तुझी,
गुरम्मा


सोलापूर
२० फेब्रुवारी

अक्का, शरणु.

गंमत बघ. माझा निरोप बाळीवेशीतून कॅलगरीला गेला आणि तिथून जुळे सोलापुरात ईरप्पाकडे पोचला. रिक्षानं गेले असते तर वाटेत भाजी घेऊनही लवकर पोचले असते.

"मला कुटं बी बसवा, तिच्या शेजारी नको," असं तो म्हणाल्याचं तू कळवलंस. बरं झालं. सहा वर्षांत पहिल्यांदा आमचं एका गोष्टीवर एकमत झालं.

पण मधल्या मुक्कामाचं त्याचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही. त्याला म्हणे तासाभरात दुसरं विमान पकडायचंय. "स्टँडवर पाच-सहा तास कोन बसतंय," म्हणे. अक्का, त्याला सांग, ते स्टँड नव्हे. एक विमान उतरणार, दार उघडणार, पुढची सगळी माणसं आपापल्या पिशव्या काढून बाहेर पडणार, मग आपण. त्यानंतर परत तपासणी, परत पट्टा आणि चपला काढा. मग लांबच लांब चालत दुसऱ्या दरवाज्याला जायचं. त्याचा उजवा गुडघा कसा आहे ते मला माहीत आहे. परवा बाजारात लांबून दिसला, पायरी चढताना कठड्याला धरून उभा होता. मुद्दाम बघितलं नाही, दिसला.

आणि पहिलं विमान थोडंसं जरी उशिरा आलं, तरी दुसरं आपल्यासाठी थांबत नाही. मल्लेश म्हणतो, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असली की चुकलं तरी पुढच्याची सोय तीच कंपनी करते, आणि सामान मुंबईला दिलं की थेट कॅलगरीलाच मिळतं. स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी तिकिटं काढली, तर सगळी जबाबदारी आपल्या गळ्यात. शरणबसव तिकीट काढताना हे ध्यानात ठेवू दे. मुक्काम आम्स्टरडॅमचाच धरा, लांबवाला. सकाळी उतरायचं, तोंड धुवायचं, भाकरी खायची, पाय पसरून बसायचं, दुपारी पुढं निघायचं. माझ्या वयाच्या बाईला धावत कुठं पोचायचं नाही.

त्यानं ऐकलं नाही तर त्याला एकट्याला तासाभराच्या विमानानं पाठव. मग आपली अट तूच मोडलीस असं होईल.

गुरम्मा


सोलापूर
५ मार्च

अक्का, शरणु.

तिकिटं मिळाली. आम्स्टरडॅम मान्य केलंस आणि त्यालाही करायला लावलंस, त्याबद्दल तुला शेंगाची चटणी जास्तीची आणते. तू त्याला काय लिहिलंस ते मी विचारणार नाही.

रविवारी आमच्या घरी विमान झालं. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या मल्लेशनं एकामागे एक लावल्या, टेप घेऊन मधे एकतीस इंच मोजले आणि म्हणाला, "बसा अत्तय्या, एवढीच जागा मिळणार." मी बसले तर माझे पाय खाली टेकेचनात. मांड्यांना कड रुतायला लागली. अक्षता हसायला लागली, "आई, तुझं विमान आधीच उडालंय." मल्लेश हसला नाही. त्यानं कपाटातून एक हवेची उशी काढली, फुगवून माझ्या पायांखाली ठेवली आणि म्हणाला, "ही बॅगेत घडी घालून ठेवा. पाय लोंबकळत राहिले की सुजतात." चार वर्षांची महेश्वरी हवाईसुंदरी झाली होती. प्रत्येकाला एकेक शेंगदाणा वाढून "पट्टा लावा" म्हणत फिरत होती.

मल्लेशनं आणखी पुष्कळ सांगितलं. अगदी शेवटची रांग घ्यायची नाही, पाठ मागे रेलत नाही. पुढं भिंत असलेली रांग लांब पायांची वाटते, पण तिथं पाळण्यातली बाळं असतात आणि हाताखालची दांडी वर होत नाही. संकटकाळच्या दाराजवळ ऐसपैस जागा असते, पण तिथं दार उघडू शकणारी धडधाकट माणसं बसवतात. मी म्हटलं, "आमचा ईरप्पा विहिरीतला पंप एकट्यानं वर काढायचा." मल्लेश म्हणाला, "मामांचा गुडघा?" मी महेश्वरीनं वाढलेला शेंगदाणा तोंडात टाकला. त्याला मामांच्या गुडघ्याचं कसं ठाऊक, हे विचारायचं राहूनच गेलं.

तर आमच्या जागा ठरल्या. मधल्या चारांची दोन टोकं, जाताना दोन्ही विमानांत. मधे कोण येणार ते त्या परमेश्वरालाच ठाऊक. भांडखोर नवरा-बायको आली तर बरं, करमणूक होईल.

गुरम्मा


सोलापूर
२३ मार्च

अक्का, शरणु.

हे पत्र शरणबसवालाच वाचू दे, मग त्याला वाटलं तर तुला देऊ दे. नाही, तूही वाच. मात्र यातलं ईरप्पाला एक अक्षर कळवू नकोस.

मंगळवारी मल्लेश एकटाच आला. चहा घेतला, पेपर चाळला, परत चहा मागितला. मग म्हणाला, "अत्तय्या, सीटा बदलूया का? त्या खिडकीच्या दोन घेऊ. वाटेकडची मामांना, खिडकी तुम्हाला."

मी विचारलं, "का?"

"मामांच्या शेजारी आपलं माणूस पाहिजे."

"त्यांनीच माझ्या शेजारी नको म्हणून कॅलगरीला कळवलंय."

त्यानं पेपराची घडी घातली. मग हळूच म्हणाला, "ते विमानात पाणीच पिणार नाही म्हणतायत. आदल्या दिवसापासून बंद करणार म्हणे. एवढा वेळ पाण्यावाचून एका जागी बसलं तर पायात रक्ताच्या गाठी होतात, अत्तय्या. त्यांना कुणीतरी पाणी दिलं पाहिजे."

"तुला हे कुणी सांगितलं?"

"ते आले होते. कंपनीत."

अक्का, सहा वर्षांत ज्या जावयाच्या उंबऱ्याला पाय लावला नाही, त्याच्या कंपनीच्या दारात आपला ईरप्पा स्कूटर लावून उभा होता. वॉचमननं विचारलं, कोण पाहिजे. तर म्हणे, "मल्लेश. आमचे जावई हायत." हे मला मल्लेशनं नाही, अक्षतानं सांगितलं. तिला त्या वॉचमननं सांगितलं. ती सांगत होती आणि डोळे पुसत होती.

कशाला आला होता, हे मात्र मल्लेश सांगेना. "मामांनी मला विश्वासानं विचारलंय," एवढंच म्हणाला. मी खोदून विचारायचं सोडून दिलं. मग रात्रभर कशाला, स्वयंपाक होईपर्यंतच मला सगळं उमगलं. गेल्या वर्षी अक्कलकोटला आपल्या नात्यातल्या सिद्धनाथाच्या घरच्या पूजेला आम्ही दोघं दोन कोपऱ्यांत होतो, तेव्हा तो पंगतीतून सारखा उठत होता. मला वाटलं, मला टाळतोय. बसनं जायचंही त्यानं सोडलंय, दुकानाच्या टेम्पोतून जातो, हवं तिथं थांबवता येतं म्हणून. या वयातल्या पुरुषांना होतो तो लघवीचा त्रास, दुसरं काय. हे त्यानं मला कसं सांगावं? आणि कॅलगरीमार्गे तर मुळीच नाही. घरात विचारायला भावजयही राहिली नाही. इंग्रजी येत नाही. पट्ट्याचा दिवा लागलेला असताना उठावं लागलं, तर तिथल्या बाईला तो काय सांगणार? म्हणून पाणीच बंद. आणि हे सगळं विचारायला त्याला अख्ख्या सोलापुरात आमचा मल्लेशच सापडला.

मल्लेशनं त्याला बसवून घेतलं असणार, नकाशा काढून संडास कुठं आहेत ते दाखवलं असणार. संडासाला अगदी लागून सीट घेऊ नये, असं तो आम्हालाही म्हणाला होता, तिथं रांग लागते आणि दिवा सतत डोळ्यांवर येतो. चार-पाच रांगा पुढं बरं.

मी दुसऱ्या दिवशी मल्लेशला फोन केला. "बदल," म्हटलं. "खिडकी मला, वाट त्याला. चार-पाच रांगा पुढं."

"मामांना काय सांगू?"

"मधली टोकं दुसऱ्या कुणी घेतली, असं सांग."

म्हणजे आता मुंबईपासून तुझ्यापर्यंत मला त्याच्या खांद्याला खांदा लावून बसायचंय. मी बोलणार नाही. पाणी तेवढं देईन.

गुरम्मा


आम्स्टरडॅमचा विमानतळ
१५ मे

अक्का, शरणु.

हे शरणबसव छापेपर्यंत मी तुझ्यासमोर बसलेली असेन, तरी लिहिते. सवय लागली आहे, आणि हातात भरपूर वेळ आहे. ईरप्पा "मग, म्हनलं न्हवतं का" असं तोंड करून समोर बसलाय, पण उतरल्यावर दर दोन खांबांगणिक टेकत आलाय हे विसरला.

मुंबईला विमानात बसलो. त्यानं सीटकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत सीटकडे. मी खिडकीला जाऊन बसले, हवेची उशी फुगवायला घेतली. आमच्या वयाला कसला दम, अर्धी फुगली आणि मी धापा टाकायला लागले. त्यानं न बोलता ती माझ्या हातातून घेतली, दोन फुंकांत फुगवली आणि वाकून माझ्या पायांखाली सारली. मीही न बोलता पाय ठेवले.

मग मी पाण्याला सुरुवात केली. बाई पाणी घेऊन आली की दोन पेले घ्यायचे, एक त्याच्या पुढ्यात ठेवायचा. तो बघायचा नाही. मी पेला बोटानं त्याच्याकडे सरकवायची. तो परत माझ्याकडे सरकवायचा. मी परत त्याच्याकडे. पलीकडच्या रांगेतला एक सरदारजी आमच्याकडे बघून हसत होता. शेवटी ईरप्पानं पेला उचलला, घोटभर प्यायला आणि समोरच्या पडद्याकडे बघत बसला.

बराच वेळ असं चाललं. मग पट्ट्याचा दिवा लागला, विमान हलायला लागलं. त्याच्या कपाळावर घाम आला. हात दांडीवर घट्ट. मी हवाईसुंदरीला खुणेनं बोलावलं आणि इंग्रजीत सांगितलं, माझ्या भावाला तब्येतीचं कारण आहे, त्याला आत्ता जाऊ द्या. ती म्हणाली, थोडं थांबा, जरा स्थिर झालं की मी स्वतः नेते. आणि खरंच नेलं, त्याच्या कोपराला धरून. परत आला तेव्हा चेहरा हलका झाला होता. मी पुढचा पेला सरकवला.

तेव्हा तो पहिलं वाक्य बोलला. "सण्णक्का, बास की आता. कावड भरायलीस का काय."

सहा वर्षांनी सण्णक्का ऐकलं. तू अक्का, मी धाकटी अक्का. मी म्हटलं, "पी गपगुमान." आणि प्यायला.

पण तुला सांगायचं ते पुढचंच आहे. इथं उतरल्यावर भाकरी-चटणी खाल्ली आणि मला बाकावर डुलकी लागली. जागी झाले तर शेजारी ईरप्पा नाही. बॅग आहे, काठी आहे, माणूस नाही. काठी टाकून गेलाय म्हटल्यावर मी उठलेच. दोन बॅगा ओढत निघाले. संडासापाशी बघितलं, दुकानांपाशी बघितलं. मग लांब काचेच्या भिंतीपाशी त्याची रुंद पाठ दिसली.

काचेला मोबाइल लावून तो उभा होता. मोबाइलमधून आमच्या महेश्वरीचा आवाज येत होता. मामांनी पाणी प्यायलं का, हे विचारायला मल्लेशनं फोन केला असावा, आणि पोरीनं हिसकावून घेतला असावा.

"ते पांढरं दिसतंय का? तेच्या पोटातनं सामान काढायल्यात बघ."

"आजोबा, ते निळं कुठं चाललंय?"

"थांब, इचारून सांगतो." आणि त्यानं काच पुसणाऱ्या एका गोऱ्या बाईला चक्क मराठीत विचारलं, "ओ बाई, ते निळं कुटं चाललंय?" ती बाई हात हलवून त्यांच्या भाषेत काहीबाही म्हणाली. ईरप्पानं पोरीला सांगितलं, "लई लांब चाललंय म्हनत्यात."

मी खांबाआड थांबले. मग फोनवर अक्षताचा आवाज आला.

"मामा, किती वेळ उभे आहात. पाय दुखत असतील. बसा ना."

त्यानं दुखरा गुडघा काचेला टेकवला.

मग म्हणाला, "न्हाय दुखत. तू बरी हायस न्हवं?"

"हो मामा."

"बरं," तो म्हणाला. "बरं." आणि फोन कानाशी नेला, परत डोळ्यांसमोर धरला, परत कानाशी. दुसऱ्या हाताच्या तळव्यानं उगाच काच पुसत राहिला. त्या बाईनं आत्ताच पुसली होती.

मी तशीच मागे फिरले आणि त्याच्या आधी बाकावर येऊन बसले. थोड्या वेळानं आला, बॅगांची जागा बदललेली बघितली.

"कुटं गेल्तीस?"

"कुठं नाही. पाय मोकळे करून आले."

"हूं," म्हणाला, आणि पाण्याची बाटली उघडून आपणहून प्यायला लागला.

पुढच्या विमानाची हाक होतेय. येतोच.

गुरम्मा


कॅलगरी
२० मे

चि. मल्लेश यास,

मामा ईरप्पाचा आशीर्वाद. मी पत्र लिहीत न्हाय कुनाला. दुकानात बिलं लिहितो तेवढंच. पन हितं अक्का म्हनाली, फोनवर बोलनं हवेत जातं, लिहून काढ. म्हनून लिहितोय. शरणबसव फोटो काढून तुला धाडंल.

आमी सुखरूप पोचलो. तू सांगितलंस तसंच समदं झालं. दुसऱ्या विमानात सण्णक्का खिडकीतनं बर्फ दाखवायली आनि मी बघायलो. अक्का विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसून आल्ती. आमाला दोघांना एकाच गाडीवर सामान ढकलताना बघितलं आनि शरणबसवाला म्हनाली, माझी पंचाहत्तरी झाली आता, केक कापला न्हाय तरी चालतंय. हितं लई थंडी हाय. मे महिन्यात कानटोपी घालून बसलोय, फोटो बघून महेश्वरीला हसू दे.

परतीच्या सीटा बघितल्यास का? ह्या टायमाला पन दोनच बघ, संगंसंग. खिडकी सण्णक्काला, वाट मला. पानी पाजायचं ती काय सोडत न्हाय आनि मी बी आता नाही म्हनत न्हाय. मधला मुक्काम लांबचाच ठेव. घाईत काय मजा न्हाय.

मी तुला जे इचारलं ते तू कुनाला सांगितलं न्हाईस. पन सण्णक्काला समजलंय, ती बोलत न्हाय एवढंच. माझी काय तक्रार न्हाय. परत आल्यावर दवाखान्यात जायचं हाय, तू संगं चल. डॉक्टरांपुढं मला एकट्याला बोलता येत न्हाय.

आनि एक. सोलापूर स्टेशनावर उतरल्यावर मी घरी जानार न्हाय, आदी तुमच्याकडं अशोक चौकात येनार, असं मनात हाय. तुमच्या आईच्या हातचं जे आसंल ते जेवीन. सा वर्सं आलो न्हाय, तवा एकदम कसा यावा ते कळत न्हाय. दारात आलो आनि अक्षता आत गेली तर मी परत फिरीन, तिला बोल लावनार न्हाय. तिला इचार. ती काय म्हनती ते जसंच्या तसं लिव, तुझ्याकडनं गोड करून लिवू नको.

तुझा मामा,
ईरप्पा